आखूड डब्याचं घराणं

दोन हजार सतरा साल, जून महिना, पाऊस सरून कोरडे दिवस नुकते लागलेले. तेव्हापासून मला त्या डब्याची शिसारी आहे. म्हणजे आधीही होती, पण आधी नुसती चवीची होती, आता उंचीचीही आहे. पोरं कॅन म्हणतात, मी डबा म्हणतो. पत्र्याचा असतो, वर कडी असते, आत काळं गोड पाणी असतं, साखर करपलेल्या पातेल्यात साबण विसळावा तसलं... आणि प्यायलं की अर्धं नाकातून परत येतं. माणूस पितो कशाला हे? आमच्या दारात शहाळी लागलेली आहेत. दोरी न लावता चढता येईल एवढं बुटकं झाड आहे. पण नाही. शहाळ्याला कडी नसते ना.

तुम्हाला सांगतो, मी शाळेत फार गेलो नाही. पाद्र्यांच्या शाळेत अक्षरं शिकलो, बायबल वाचता येतं, सही करता येते, घराण्याच्या प्रमुखाची, म्हणजे मताईची, पदवी माझ्याकडे आहे, माणसं माझ्या शब्दावर उठतात आणि बसतात. एवढं शिक्षण मला पुरलं. डबा म्हणजे डबा, हे कळायला शाळा लागत नाही असं मी समजत होतो. डब्याला उंची असते आणि ती बेट बदललं की बदलते, हे मला कुणी सांगितलं होतं? तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?

माझी थोरली बहीण सिएनी, आमची अक्का, तुतुइलाला दिलेली. तुतुइला अमेरिकेचं, आम्ही उपोलूचे. तेही सामोआ, हेही सामोआ. भाषा एक, देव एक, डुक्कर भाजायची रीत एक, आणि मधे एका रात्रीचं पाणी. पण त्या पाण्यातून कुणीतरी साहेबानं कधीतरी रेघ मारली, त्याला काय, त्याच्या हातात पेन्सिल होती... आणि आता तिकडे गाड्या उजवीकडून, इकडे डावीकडून, तिकडे डॉलर, इकडे टाला, आणि तिकडे अजून कालचा दिवस चालू असतो. खोटं नाही सांगत. आमचा सोमवार तो त्यांचा रविवार. आमच्या सरकारनं एका डिसेंबरातला एक दिवस कॅलेंडरातून उचलून फेकून दिला, आम्ही पुढे आलो, ते राहिले मागे. आणि मागे राहिलेल्या माणसांनी मला कमी-जास्त शिकवावं?

तर आमची आई गेली तेव्हा अक्काचे यजमान आपेरामो, म्हणजे आमचे दाजी, तिकडून बोटीनं आले. बारीक विणीच्या चटया आणल्या, खारवलेल्या मांसाच्या बादल्या आणल्या, आणि डबे आणले. खोक्यावर खोकं, अंगणात छातीइतकी भिंत उभी राहिली डब्यांची. गावानं बघितली. मीही मान डोलावली. आमच्यात मयताला जे येतं ते परत जावं लागतं. आज ना उद्या त्यांच्याकडेही कुणी जाणार, तेव्हा खोक्याला खोकं पोचलं पाहिजे, आणि वर एक. नाही पोचलं तर कुणी मागत नाही. नुसतं बघतात. माझ्याकडे कोण बघणार, मी इकडे. बहिणीकडे बघतात. ती त्यांच्या चुलीपाशी बसलेली असते, सापडते. आणि आमच्यात बहिणीची मान खाली गेली तर भावानं पदवी घेऊन करायचं काय? खुंटीला टांगायची?

मग त्या जूनमध्ये दाजींची आई गेली. म्हातारी भली होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी आपियाला, आमच्याकडच्या मोठ्या शहरात, गेलो, आ फोंगच्या दुकानात उभा राहिलो, म्हणालो, डबे दे. त्यानं विचारलं, कसले? मी म्हणालो, डबा म्हणजे डबा. त्यानं दिले. लाल होते, कडी होती, आत पाणी होतं. मी काय फूटपट्टी घेऊन उभा राहू दुकानात?

बोटीबद्दल मी बोलणार नाही. बोटीवर बोलायला लागलो तर डबा राहून जाईल. एवढंच सांगतो की माझ्या उजवीकडे एक बाई ओकत होती आणि डावीकडे तिचा नवरा, आणि दोघं मधे मला ठेवून एकमेकांची चौकशी करत होती, आता बरं वाटतंय का गं, तुम्हाला वाटतंय का... आणि मी डब्यांच्या खोक्यांवर दोन्ही हात पसरून बसलेलो, का, तर खोकं भिजलं की फाटतं, आणि फाटलेलं खोकं मयताला नेत नाहीत. गुरुवारी रात्री बसलो आणि गुरुवारी सकाळी उतरलो. म्हणजे ओकून झालं ते सगळं अजून व्हायचं होतं. पागो, म्हणजे तुतुइलाचं बंदर, तिथल्या धक्क्यावरच्या जकातवाल्यानं खोकं हलवून बघितलं. "काका, डबे आणलेत? पागोला? इथं डब्यांनीच तर गटारं तुंबलीयत." मी म्हणालो, शिक्का मार.

मयताच्या घरी बसलो. खांबांना पाठी लावून सगळी मंडळी, मधे चटया, हातातले पंखे हलतायत. त्यांचा पुकारणारा अंगणात उभा राहिला, छाती फुगवली आणि आमचा आहेर पुकारला. उपोलूहून, सिएनीच्या माहेराहून... खोक्याला खोकं, आणि वर एक. घरभर धन्यवाद, धन्यवाद. अक्कानं पलीकडच्या बाजूनं माझ्याकडे बघितलं. ती फारशी हसत नाही. तेव्हा हसली. मला वाटलं झालं. आई सुटली, मी सुटलो.

आणि मग कुणाला तरी तहान लागली.

बायकांनी तबकं आणली. तबकात काही डबे त्यांचे, काही आमचे, हाताला लागले तसे मांडलेले. उंच, आखूड, उंच, उंच, आखूड... म्हाताऱ्याचे दात दिसावेत तशी ओळ. मला आधी वाटलं तबक वाकडं आहे. मग वाटलं माझी मान वाकडी आहे, बोटीत अवघडली असेल. माझ्या शेजारी त्यांच्यातला एक म्हातारा होता, एका डोळ्यात फूल पडलेलं, आणि ज्याला एकाच डोळ्यानं दिसतं त्याला दिसलंच. त्यानं एक त्यांचा डबा घेतला, एक आमचा घेतला, चटईवर शेजारी शेजारी ठेवले आणि वरून तळहात फिरवला. हात अडकला. "हा धुवून आटला का रे?" म्हणाला.

आमच्यात रडून झालं की हसायला बंदी नाही. पण म्हणून इतकं? पंखे थांबले. दाजी तेव्हा आडदांड माणूस, हसायला लागले की आधी पोट हसतं, मग खांदे, तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. तोंडापर्यंत आलं.

"मेव्हणे," म्हणाले, "बोटीत तहान लागली असणार तुम्हाला, आमची ना नाही. एकेका डब्यातला एकेक घोट घेतलात, घ्या. पण झाकण परत कसं लावलंत, तेवढं आम्हाला शिकवून जा."

मी म्हणालो, "डबा म्हणजे डबा."

"अगदी बरोबर," दाजी म्हणाले. "डुक्कर म्हणजे डुक्कर. पाय तर उंदरालाही चारच असतात."

  मी पंखा हलवत राहिलो. अक्का मांडीकडे बघत राहिली. निघताना दाजी काठी घेऊन निरोपाचं भाषण करायला उभे राहिले, आणि बोलायला बसवलं तर त्या माणसाची जीभ तेलातून काढल्यासारखी, डोंगरांची नावं घेतली, पूर्वजांची घेतली, आमच्या आईचं घेतलं, सगळे गहिवरले, मीही थोडा गहिवरलो, आणि मग शेवटी, त्याच आवाजात, "उपोलूच्या मंडळींचं देणं आम्हाला पोचलं. एका घोटाची बाकी राहिली, ती आम्ही प्रेमानं सोडून देतो."

सोडून देतो. ऐकलंत? मागितली असती तर मी तिथल्या तिथे दिली असती, अंगावरचा शर्ट विकून दिली असती. सोडून दिलेली बाकी फेडायची कशी? ती कुणाच्या हातात ठेवायची? ती गावभर हिंडत राहते, प्रत्येकाच्या ओसरीवर बसते, पान खाते, आणि तुमचं नाव सांगते.

परत येताना शनिवारी संध्याकाळी बोटीत बसलो आणि उतरलो तेव्हा सोमवार. पाद्री वाटेतच भेटले. "पेनियामिना, काल प्रार्थनेला दिसला नाहीत?" मी म्हणालो, काल नव्हताच. ते म्हणाले, म्हणजे? मी म्हणालो, समुद्रात गेला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पिऊन आलोय. अरे, प्यालो असतो तरी घोट कमीच निघाला असता.

गावात बातमी माझ्या आधी उतरली होती. फोन असतात ना आता, फोनला बोट लागत नाही. गावसभेत प्रत्येक मताईचा खांब ठरलेला, पिढ्यान्पिढ्या ठरलेला, त्या खांबाला टेकून बसायचं. मी माझ्या खांबाशी गेलो तर समोरचा म्हणतो कसा, "पेनियामिना, उंच पडत असेल तर कापून घेऊ थोडा." सगळे गंभीर चेहऱ्यानं बसलेले. गंभीर चेहरे बघून कळतं किती हसून झालंय ते.

हे मी सोसलं असतं. मी काय काय सोसलंय. पण एक दिवस अक्काचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलली, पावसाचं बोलली, गुडघ्याचं बोलली. मी विचारलं, "अक्का, तुला तिकडे काय म्हणतात?"

"कोण काय म्हणणार? काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

"पेनी, विसर ना ते. बायका आहेत, बोलतात."

"काय बोलतात?"

 मग म्हणाली, "आखूडबाई. जावा म्हणतात. मीठ दे गं आखूडबाई. हसून म्हणतात रे, रागानं नाही."

हसून. माझी बहीण, आमच्या घराण्याची थोरली लेक, जिच्यापुढे मी अजून पाय पसरून बसत नाही, तिनं आखूडबाई म्हणून मीठ द्यायचं. आणि कशासाठी, तर एका घोट करपलेल्या साखरेसाठी. मी फोन ठेवला. लोसा, आमची मंडळी, म्हणाली, "जेवायला वाढू?" मी म्हणालो, नको. तिनं वाढलं. मी जेवलो. पण रागानं जेवलो.

दुसऱ्या दिवशी आ फोंगच्या दुकानात. म्हणालो, तुझे डबे आखूड आहेत.

"आखूड नाहीत, काका. न्यूझीलंडचे आहेत."

"न्यूझीलंडच्या लोकांना तहान कमी लागते?"

"त्यांनी लिटरचे तीन भाग केले, एक भाग डब्यात घातला. तीनशे तीस. पागोचा डबा अमेरिकेचा. अमेरिकेत लिटर नसतो, औंस असतो. बारा औंस म्हणजे तीनशे पंचावन्न."

"औंस म्हणजे किती?"

"ते त्यांनाच माहीत."

"मग तू पागोचे डबे का ठेवत नाहीस? इथून बोटीत बसलं की सकाळी पागो."

"आणि जकात? तो दुसरा देश आहे, काका. माझं जहाज ऑकलंडहून येतं." आणि मग माझ्याकडे बघून, मालाकडे बघतात तसं बघून, म्हणाला, "तुम्ही डबा म्हणजे डबा म्हणालात. मी विचारलं होतं, कसले."

दुकानदार मेला एक शब्द विसरत नाही. उधारी असली की जास्तच आठवतं.

मी मुलाला फोन लावला. फिलेमोनी, ब्रिस्बेनला असतो, गोदामात माल चढवतो-उतरवतो, त्याला माहीत असणार. तो म्हणाला, "बाबा, असं आहे, भरायची यंत्रं एका मापाची बसवलेली असतात. माप बदलायचं तर यंत्र बदला, खोकी बदला, दुकानातल्या फळ्या बदला, नाणं टाकून डबा पडतो ती कपाटं बदला. कोण करणार एवढं? ज्यानं ज्या मापानं सुरुवात केली तो त्या मापाला धरून बसला. एकदा बसलं की हलत नाही."

लोसा शेजारून म्हणाली, "घरात असलं एक यंत्र आहे आमच्या."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे देवानं तहान सगळ्यांना एकच दिली आणि यांनी आपापल्या हट्टापायी डबे वेगळे केले."

"हट्ट नाही बाबा, खर्च."

"तुमच्या तिकडे कितीचा असतो?"

"पावणेचारशेचा."

"तो पागोच्यापेक्षा..."

"उंच. दीड बोट म्हणा... नाही, तेवढा नाही. पण शेजारी ठेवला तर दिसेल."

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला ऑस्ट्रेलिया आवडला. मी म्हणालो, पाठव.

"काय पाठव? डबे? बाबा, डब्यात पाणी असतं. पाण्याला वजन असतं. समुद्रावरून पाणी पाठवायचं? मी फ्रीज पाठवतोय या खेपेला, पेटीत तेवढीच जागा आहे."

"फ्रीज कुणी मागितला?"

"मी," लोसा म्हणाली.

आता बघा, एका बाजूला फ्रीज, एका बाजूला बहीण. यात विचार करण्यासारखं काय आहे? मी म्हणालो, डबे पाठव. लोसानं त्यानंतर मला वाढलं सगळं, पण तोंडानं काही नाही. पाऊस आला, पाऊस गेला, ती एवढंच म्हणायची, "मासे नासले." पुन्हा दोन दिवसांनी, "मासे नासले." दुसरं वाक्यच नाही. एखाद्या बाईनं गप्प बसावं तर धड गप्प बसावं.

पेटी आली. उघडली तर काय, काही डबे प्रवासात चेपलेले, काही फुटलेले, आणि ते पाणी बाकीच्या डब्यांवर वाळून असं चिकट झालेलं की डबा उचलला की शेजारचा सोबत यायचा, जुळ्या भावंडांसारखा. आणि मुंग्या. बेटावरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या मुंग्यांना कुणी फोन केला होता कुणास ठाऊक. मी, या घराण्याचा मताई, परसात बसून एकेक डबा पुसला. ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्या फडक्यानं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अंघोळी घालताय?" मी म्हणालो, तुझं काम बघ. पण आ फोंगचा एक डबा आणला होता मुद्दाम, तो शेजारी ठेवून बघितला. ब्रिस्बेनचा त्याच्याकडे असा बघत होता जसं खांबावरून कोंबड्यानं पिल्लाकडे बघावं. ठीक आहे. डबा म्हणजे डबा नसतो, तर नसतो. शिकलो मी.

मग पुढच्या वर्षीचा जून. आमच्या गावचं नवं देऊळ, म्हणजे प्रार्थनेचं घर, उघडायचं होतं, गावोगावचे पाहुणे, आणि तुतुइलाहून अक्का आणि दाजी त्यांच्या मंडळींसकट. वर्षभर मी त्या दिवसाची वाट बघितली. मोठा पाहुणा आला की आमच्यात त्याच्यापुढे मान ठेवतात, सुआ म्हणतात, त्यात सगळ्यात आधी शहाळं, मग चटई, मग भाजलेलं डुक्कर. आता शहाळं कुणी ठेवत नाही. आता डबा ठेवतात, कडीत नोट खोवून. देवानं गोल, हिरवं, गार, आतून धुतलेलं फळ दिलंय आणि हे ठेवतात पत्रा. पण त्या दिवशी मी म्हणालो, चालेल. त्या दिवसापुरता पत्रा चालेल.

पाहुणे आले. मी दाजींना शोधत होतो, ते पोट शोधत होतो. पोट नव्हतं. अक्काच्या खांद्यावर हात ठेवून एक वाळका माणूस उतरला, एका पायाला फडकं गुंडाळलेलं, काठी भाषणाची नाही, चालायची. तो दाजी निघाला. अक्काच्या दुसऱ्या हातात जेवणाचा वेगळा डबा. आणखी एक डबा, म्हणजे बघा. मी विचारलं, पायाला काय? दाजी म्हणाले, "काही नाही, चावलं काहीतरी." आणि अक्का दुसरीकडे बघत होती. मला कळायला हवं होतं म्हणता? तिकडचे लोक पायावर काय बांधतील याचा काय नेम. माझ्या डोक्यात डबा होता.

सगळे बसले. आमचे, त्यांचे, गावसभेचे, तो खांब कापणाराही. लोसा सुआ घेऊन आली. तोंड अजून फ्रीजसारखं बंद, पण चालली अशी की राणीनं बघावं, दोन्ही हातांत तो डबा, कडीत नोट, आणि तिनं तो दाजींपुढे चटईवर ठेवला. मागून चटई आली, डुक्कर आलं, कुणी बघितलं नाही. सगळे डब्याकडे बघत होते. त्यांच्यातल्या एका जावेनं दुसरीला कोपरानं ढोसलं. मी ते बघितलं. अक्कानंही बघितलं. तिची मान वर आली. एवढ्यासाठीच तर.

मग मी उभा राहिलो. मी फार बोलत नाही, पण वर्षभर घोकलेलं होतं. म्हणालो, "दाजी, गेल्या वर्षी तुमच्या घरी माझ्याकडून एका घोटाची बाकी राहिली. तुम्ही ती सोडलीत. आमचं घराणं सोडलेलं उचलत नाही. हा तुमचा घोट. वर आणखी आहे."

कुणी हसलं नाही. चांगलं बोललो मी.

अक्का जागची हलली, चटईवरून गुडघ्यांवर सरकत माझ्यापर्यंत आली आणि हळू म्हणाली, "पेनी, त्यांना साखर झालीय. पायाचं बोट काढलं. डॉक्टरनं थेंब नको म्हणून सांगितलंय."

आता सांगायचं? आता? मी सगळ्यांदेखत घोट म्हणून बसलो होतो. नुसता मान ठेवला असता तर पाहुणा डबा घरी नेतो, पोरंबाळं पितात, काही प्रश्न नसतो. पण घोट म्हटल्यावर तो घ्यावा लागतो, नाही घेतला तर बाकी राहिली, आणि पुन्हा मीठ दे गं आखूडबाई. मी म्हणालो, "दाजी, असू द्या. डबा घरी न्या. पोचलं असं म्हणा नुसतं."

दाजी डब्याकडे बघत होते. त्यांनी तो उचलला, फिरवला, वरपासून खालपर्यंत बघितला. "कुठला हा?"

"ब्रिस्बेनचा."

"हं. बोटीनं आणलात?"

"बोटीनं."

"पाणी," ते म्हणाले. "समुद्रातून पाणी." आणि पोट नसताना हसले. खांद्यांनीच.

कडीतली नोट काढून त्यांनी अक्काच्या हातात दिली. अक्का म्हणाली, "अहो, नका." तिनं हात पुढे केला, दाजींनी तो बाजूला केला, हळूच, माशी वारावी तसा. "सिएनी, तुझ्या भावाचं देणं आहे. माझं नाव घेऊन दिलंय. माझा घोट काय तुझ्या जावांनी घ्यायचा?" जावा चटईकडे बघायला लागल्या.

कडी ओढली. फस्सकन वर फेस आला, त्यांच्या बोटांवरून चटईवर सांडला, नव्या चटईवर. दाजींनी एक घोट घेतला. भरून घेतला, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, गिळला. बाहीनं तोंड पुसलं.

"फिटलं," म्हणाले.

आणि उरलेला एवढा उंच डबा माझ्यापुढे सरकवला. मी बसलो, आणि प्यालो.